नवा शिकवणीमास्तर आणि पालकांचे कर्तव्य

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात नागपूर येथे केलेले भाषण)



प्रतिवर्षी या व्यासपीठावरून मोठमोठे विद्वान बोलत आले आहेत. यंदा चिटणीसांनी माझ्यासारख्या केवळ मॅट्रिक झालेल्या आणि छत्तीस वर्षे प्राथमिक शाळांतून खडू झिजवलेल्या माणसास पाचारण केले, हा त्यांचा लोभ होय. विषय मात्र त्यांनी अवघड दिला. मुलांनी घरी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने अभ्यास करावा काय, आणि करावयाचा तर तो सुरक्षितपणे कसा करावा, यावर मी बोलावे असे त्यांनी सुचविले. मी म्हटले, "अहो, त्या यंत्रातले मला काय कळते?" त्यावर ते म्हणाले, "गुरुजी, आपल्या ज्ञातीतील घरोघरचे पालक हेच म्हणतात आणि मोबाईल मुलाच्या हाती देऊन मोकळे होतात. म्हणूनच तुम्ही बोलावे." या उत्तरापुढे माझा इलाज चालला नाही.

प्रथम माझ्याच घरातील एक गोष्ट सांगतो. ती माझ्या फजितीची आहे.

माझा नातू सातवीत आहे. गेल्या वर्षी त्याची गणिताची वही पाहून मी हरखून गेलो. एकही उदाहरण चुकलेले नाही, पायऱ्या अगदी व्यवस्थित, अक्षर मोत्यासारखे. घरी पाहुणे आले की मी ती वही काढून दाखवीत असे. पुढे शाळेत घटक चाचणी झाली आणि वीसपैकी सहा गुण घेऊन स्वारी घरी आली. विचारपूस केली तेव्हा कळले की चिरंजीव प्रत्येक उदाहरणाचे मोबाईलवर छायाचित्र घेत, यंत्र उत्तर पायऱ्यांसह लिहून देई, आणि हे ते वहीत उतरवून घेत. मुलाला मी रागावलो नाही. कारण खरा अपराधी मीच होतो. हजारो वह्या तपासलेल्या माणसास एक गोष्ट दिसावयास हवी होती. त्या वहीत कोठेही खाडाखोड नव्हती. ज्या वहीत खाडाखोड नाही ती शिकणाऱ्याची वही नव्हे, हे मी आयुष्यभर इतरांस सांगत आलो आणि स्वतःच्या घरी मात्र विसरलो.

ही केवळ माझ्या घरची कथा नाही. चॅट-जीपीटी नावाचे यंत्र ३० नोव्हेंबर २०२२ रोजी जगापुढे आले. त्यानंतर अशी अनेक यंत्रे निघाली आणि आज ती खिशातल्या मोबाईलवर मराठीत बोलू लागली आहेत. आपल्याच जिल्ह्यात, हिंगणा तालुक्यातील वडधामना येथे, जुलै २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने असलेली अंगणवाडी सुरू झाली. देशातील अशी पहिली अंगणवाडी म्हणून वर्तमानपत्रांनी तिचे वर्णन केले. तेथील चिमुकली मुले टॅबलेट व स्मार्ट फळा यांवर शिकतात. परंतु एक फरक ध्यानात घ्यावा. अंगणवाडीत मुलाजवळ सेविकाताई असतात. आपल्या घरी, रात्री नऊ वाजता, मुलाजवळ कोण असते?

"प्रथम" संस्थेच्या "असर" नावाच्या पाहणीचा २०२४ सालचा अहवाल बोलका आहे. ग्रामीण भारतातील १४ ते १६ वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी शेकडा ८२ जणांस स्मार्टफोन वापरता येतो, असे त्यात आढळले. त्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासाच्या कामी तो वापरणारे शेकडा ५७ होते, आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारे शेकडा ७६. म्हणजे साधन घरात शिरले आहे. ते हाकलून देण्याची वेळ निघून गेली, आणि हाकलावे असे माझे मतही नाही. ज्या मुलास शिकवणी लावण्याची ऐपत नाही, ज्याच्या घरी इंग्रजी वा बीजगणित सांगणारे कोणी नाही, त्यास एकच गोष्ट दहा वेळा न कंटाळता समजावून देणारा हा मास्तर वरदान ठरू शकेल. प्रश्न इतकाच की त्याच्याशी वागावे कसे.

त्यासाठी हा मास्तर आहे तरी कसा, हे थोडक्यात पाहू. या यंत्रास अफाट मजकूर वाचावयास दिलेला असतो. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येणे संभवनीय आहे हे त्यातून ते शिकते आणि त्या आधारे वाक्ये रचते. म्हणून त्याची भाषा सफाईदार असते. परंतु भाषा सफाईदार असली म्हणजे मजकूर खरा असतोच असे नाही. शिवाय इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर महाजालावर फारच थोडा असल्याने मराठी विषयांत त्याची चूक होण्याचा संभव अधिक. माझ्या नातवाने एकदा त्यास विचारले, नागपूर शहर कोणी वसविले? उत्तर आले, रघूजी भोसले यांनी. वस्तुतः देवगडचे गोंड राजे बख्त बुलंद शाह यांनी १७०२ च्या सुमारास हे नगर वसविले. भोसल्यांचा अंमल येथे पुढे आला. चूक झाली म्हणून मला नवल वाटले नाही, चुका माणसेही करतात. नवल याचे वाटले की खरे उत्तर आणि चुकीचे उत्तर, दोन्ही देताना यंत्राचा स्वर तोच, तितकाच ठाम. वर्गातला शिक्षक अडला तर त्याच्या चेहऱ्यावर ते दिसते. या मास्तरास चेहराच नाही.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेच्या सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर प्रयोग केला; त्याचा निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांनी केवळ पुस्तकावरून गणिताचा सराव केला. काहींना सरळ उत्तर देणारे यंत्र मिळाले. काहींना असे यंत्र मिळाले की जे उत्तर सांगत नसे, शिक्षकांनी ठरवून दिलेल्या खुणा तेवढ्या सुचवीत असे. सरावाच्या वेळी सरळ उत्तर मिळणाऱ्या मुलांची कामगिरी पुस्तकवाल्यांपेक्षा शेकडा ४८ ने सरस ठरली आणि खुणा मिळणाऱ्यांची शेकडा १२७ ने. नंतर यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली. तेव्हा सरळ उत्तरे घेणारी मुले पुस्तकवाल्यांच्याही शेकडा १७ ने मागे पडली. खुणांवर शिकलेली मुले मात्र पुस्तकवाल्यांच्या बरोबरीस राहिली. अधिक चिंतेची गोष्ट ही की, आपण मागे पडलो याची त्या मागे पडलेल्या मुलांस जाणीवही नव्हती. माझ्या नातवाची वीसपैकी सहा गुणांची कथा मला त्या दूरदेशीच्या प्रयोगात जशीच्या तशी सापडली.

तेव्हा करावे काय? मी माझ्या घरी जे नियम घातले तेच सांगतो.

पहिला नियम असा की आधी कागद, मग यंत्र. उदाहरण सोडविण्याचा प्रामाणिक प्रयत्न वहीत झाल्यावाचून मोबाईल हाती येणार नाही. प्रयत्न चुकला तरी चालेल. किंबहुना चुकलेला प्रयत्न खोडून न टाकता तसाच ठेवावा.

दुसरा नियम विचारण्याच्या रीतीचा. समजा उदाहरण असे आहे: १२ संत्र्यांचे ९० रुपये पडतात, तर २० संत्र्यांचे किती? मुलाने ९० मध्ये वरच्या ८ संत्र्यांचे ८ मिळवून ९८ लिहिले. आता त्याने यंत्रास नुसते उदाहरण दिले तर क्षणात १५० हे उत्तर येईल आणि मुलाच्या डोक्यातील चूक तेथेच राहील. त्याऐवजी त्याने असे लिहावे: "मी सातवीत आहे. माझे उत्तर ९८ आले आहे. मला उत्तर सांगू नका. माझी चूक कोठे झाली याची एक खूण द्या." मग यंत्र बहुधा विचारील, एका संत्र्याची किंमत किती? मुलगा ९० ला १२ ने भागील, साडेसात रुपये काढील आणि स्वतःच १५० पर्यंत पोचेल. त्यानंतर घरातील कोणीही मोठ्याने सहज विचारावे, "बरे, सोळा संत्री घेतली तर?" मुलाने १२० सांगितले की समजावे, गणित त्याचे झाले. चॅट-जीपीटीमध्ये जुलै २०२५ पासून आणि गूगलच्या जेमिनीमध्ये ऑगस्ट २०२५ पासून अशा रीतीने प्रश्न विचारीत शिकविण्याची सोय आली आहे. ती निवडून द्यावी. आपण निवडल्यावाचून मूल ती निवडणार नाही.

तिसरा नियम खातरजमेचा. इतिहास, भूगोल, विज्ञान यांतील जी गोष्ट यंत्राने सांगितली ती पाठ्यपुस्तकात पाहिल्याशिवाय वहीत लिहू नये. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. पुस्तक काय म्हणते आणि यंत्र काय म्हणते, हे ताडून पाहणे हाच एक उत्तम अभ्यास आहे. यंत्राची चूक शोधून काढणाऱ्यास आमच्या घरी चार आण्यांचे बक्षीस असे. आता महागाईमुळे ते पाच रुपये झाले आहे. (हशा)

चौथा नियम जागेचा. मोबाईलवरचा अभ्यास बैठकीच्या खोलीत, सर्वांच्या देखत व्हावा. दार लावून, पांघरुणात, मध्यरात्री होऊ नये. तेरा वर्षांखालील मुलांसाठी चॅट-जीपीटी नाही, आणि अठरापर्यंत आईवडिलांची संमती हवी, असे ती चालविणाऱ्या कंपनीच्याच अटींत लिहिलेले आहे. युनेस्कोनेही सप्टेंबर २०२३ मधील मार्गदर्शनात वर्गात वापरासाठी तेरा वर्षांची मर्यादा सुचविली आहे. लहान मुलाची शंका असेल तर मोठ्याने स्वतः यंत्रास विचारावे आणि मुलास आपल्या शब्दांत सांगावे. तेरावरच्या मुलांसाठी पालकांचे खाते जोडून वेळेचे बंधन घालण्याची सोय सप्टेंबर २०२५ पासून झाली आहे. ती कशी करावी हे न कळल्यास मंडळातील तरुणांस विचारण्यात कमीपणा मानू नये.

पाचवा नियम घरच्या गोष्टींचा. मुलाचे पूर्ण नाव, शाळा, पत्ता, छायाचित्र, आधार क्रमांक, वडिलांच्या बँकेचा संदेश, यांतील काहीही यंत्रास सांगू नये. आपल्या देशात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती घ्यावी आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांस जाहिराती दाखवू नयेत, असे तो सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाचे आहेत. पण कायदा दारापर्यंत येतो. दाराच्या आत लक्ष आपणच ठेवावयाचे असते.

यापुढे जे सांगावयाचे आहे ते माताभगिनींनी विशेष लक्षपूर्वक ऐकावे. मुले या यंत्रास केवळ गणित विचारीत नाहीत. "मी नापास झालो तर?", "मला कोणी मित्र नाही", "बाबा माझ्यावर चिडतात", असेही ती लिहितात. यंत्र रागावत नाही, टोमणा मारीत नाही, दुसऱ्याच्या मुलाशी तुलना करीत नाही. म्हणून घरात जे बोलता येत नाही ते मूल तेथे बोलते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतील एका सोळा वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांनी चॅट-जीपीटीच्या कंपनीवर दावा लावला. मुलाने आधी अभ्यासासाठीच ते वापरावयास घेतले. पुढे तो मनातील निराशा त्यालाच सांगू लागला आणि अखेर त्याने आपला जीव दिला, असे त्यांचे म्हणणे आहे. दाव्यातील आरोप म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे, हे मी जाणतो. परंतु पालक म्हणून आपण निकालाची वाट पाहू शकत नाही. मूल यंत्राकडे मन मोकळे करीत असेल तर यंत्र फोडू नका. मुलाने आपल्याकडे का सांगितले नाही याचा शोध घ्या. प्रसंग हाताबाहेर जातो असे वाटले तर शासनाचा टेली-मानस हा १४४१६ क्रमांक आणि मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन्ही प्रत्येकाने घरी भिंतीवर लिहून ठेवावेत.

आता "आम्हांस यातले काय कळते" या वाक्याकडे येतो. बंधूंनो, काटोलकडील आमच्या खेड्यात माझ्या आईस अक्षर म्हणून येत नव्हते. पण रोज संध्याकाळी चूल आटोपली की ती कंदिलापाशी बसे आणि मला धडा मोठ्याने वाचावयास लावी. वाचून झाले की म्हणे, "आता मले सांग, त्यात काय हाय." मी सांगू लागे. जेथे मला समजलेले नसे तेथे माझी जीभ अडखळे, आणि ती तत्काळ म्हणे, "अटकला कायले? समजलं नाई वाटते तुले." मी चकित होत असे. हिला वाचता येत नाही, मग हिला कळले कसे? पुढे शिक्षक झाल्यावर उमगले. धडा खरा की खोटा हे तिला कळत नव्हते. मुलाला तो कळला की नाही हे मात्र तिला पक्के कळत होते. त्या निरक्षर माउलीच्या त्या एका प्रश्नावर मी मॅट्रिक झालो.

आज उत्तरे देणारा घरोघरी झाला आहे. घरात कमी पडला आहे तो विचारणारा. "आज काय शिकलास? मला समजावून सांग बघू," हे वाक्य म्हणावयास पदवी लागत नाही, इंग्रजी लागत नाही, मोबाईल चालविता येणेही लागत नाही. रोज पंधरा मिनिटे लागतात आणि कान लागतात. ज्या मुलास ठाऊक आहे की रात्री आजीला समजावून सांगावयाचे आहे, ते मूल उत्तर नुसते उतरवून घेणार नाही. कारण उतरवलेले उत्तर समजावून सांगता येत नाही. आणि जी आजी रोज अभ्यास ऐकते तिच्यापाशी मूल एखाद्या दिवशी मनातली भीतीही बोलून जाते. अभ्यासाचे आणि मनाचे रक्षण, दोन्ही त्या पंधरा मिनिटांत होते. माझ्या नातवाच्या बाबतीत मी हेच आरंभिले आहे. पुढच्या चाचणीत त्यास वीसपैकी तेरा मिळाले. वही आता पाहुण्यांस दाखविण्याजोगी राहिलेली नाही. तीत बरीच खाडाखोड आहे. मी समाधानी आहे.

शेवटी मंडळास एक विनंती. आपल्या ज्ञातीत अशी पुष्कळ घरे आहेत जेथे सबंध कुटुंबात एकच मोबाईल आहे. तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर असतो आणि रात्री आधी मुलाच्या हाती जातो, मुलीची पाळी उरली तर येते. नव्या विद्येचा लाभ सधन घरांस आणि त्यातही मुलग्यांसच झाला, तर आपल्या पूर्वजांनी पैसा पैसा जमवून ही वास्तू उभारली तो हेतू वाया गेला असे होईल. म्हणून दर रविवारी सकाळी दोन तास या सभागृहात एक संगणक, पाठ्यपुस्तकांचा एक संच आणि एक निवृत्त शिक्षक एवढी व्यवस्था व्हावी. मुलांनी शंका घेऊन यावे, आधी कागदावर झुंजावे, मग यंत्रास विचारावे आणि जाण्यापूर्वी एका वडीलधाऱ्यास समजावून सांगावे. मुलींसाठी पहिला तास राखून ठेवावा. पहिल्या वर्षभर हे काम विनावेतन करण्यास मी तयार आहे; संगणक तेवढा मंडळाने द्यावा. ज्ञातीत माझ्यासारखे निवृत्त गुरुजी व बाई पुष्कळ आहेत. त्यांनी आपली नावे आजच चिटणीसांकडे द्यावीत, अशी माझी हात जोडून प्रार्थना आहे.

बालमित्रांनो, आज तुम्हांस मिळालेली पारितोषिके तुमच्या कष्टांची आहेत. घरी गेल्यावर ती आजीआजोबांच्या हाती द्या आणि ज्या विषयात पारितोषिक मिळाले त्यातील एक गोष्ट त्यांना समजावून सांगा. ते कदाचित अर्धेच समजतील, पण तुम्हांला मात्र ते सांगताना पूर्ण समजेल.